मांडी

लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याला कठडा नाही, दोर आहे. लाकडी, उभा जिना आणि वरपासून खालपर्यंत सोडलेला जाड दोर. लहानपणी आम्ही त्याला लटकून दोन-दोन पायऱ्या गाळायचो. पप्पांनी तो कधी धरलेला मला आठवत नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली दुकानात दिवसातून चार खेपा, त्याही बगलेत कपड्यांचं गाठोडं घेऊन.

गणपतीला तीन आठवडे होते. पप्पा शिंपी, त्यामुळे ते दिवस घाईचे. त्या सकाळी ते जिन्यावर पडले. घसरले नाहीत. "डावा गुडघा नुसता नाहीसा झाला रे," असं म्हणाले. ऐनवेळी हाताला दोर लागला म्हणून चार पायऱ्यांवर निभावलं.

गुडघ्याचा एक्स-रे काढला. वयाच्या मानाने ठीक. शेजारच्या काकूंनी तेल दिलं. सगळ्यांचं एकमत, की पासष्टी आली, गुडघे गेले. पण पप्पांना दुखत होतं ते गुडघ्यात नाही, जांघेत. दोन रात्री ते डावा पाय पोटाशी घेऊन झोपत होते. पाय सरळ केला की कळ यायची. हे मी पाहिलं होतं, पण त्याचा काही अर्थ असेल असं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात एका डॉक्टरबाईंनी त्यांना तपासलं. त्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली. उजवा पाय उडाला, डावा तसाच लोंबत राहिला. मग कापसाचा बोळा फिरवला. डाव्या मांडीच्या पुढच्या भागावर आणि नडगीच्या आतल्या बाजूला तो नीट कळत नव्हता. "पाय सरळ करा" म्हटल्यावर पप्पांनी पूर्ण जोर लावला, पण पाऊल जेमतेम हललं. शेवटी त्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये स्वतःची मूठ धरली आणि म्हणाल्या, "दाबा." पप्पांनी अशी दाबली की त्या हसल्या.

"गुडघा चांगला आहे. पाठीतही बहुतेक काही नाही. पोटाचा सीटी स्कॅन करू."

पाय चालेना आणि तपासायचं पोट? कोड लिहिणाऱ्या माणसाला एवढं माहीत असतं, की एरर जिथे दिसतो तिथेच चूक असते असं नाही. पण हातोडी, कापूस आणि मूठ एवढ्यावर कुणी चुकीची जागा सांगू शकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी परळला केईएमच्या आसपासच्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन मी चौरसियांच्या शरीररचनेच्या पुस्तकाचा दुसरा भाग आणला. पायाचं प्रकरण त्यात आहे. रात्री पप्पांच्या खाटेशेजारी बसून वाचलं.

मांडीच्या मोठ्या नसेचं नाव फीमोरल नर्व्ह. ती सुरू होते कमरेच्या मणक्यांपाशी, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांतून. पोटाच्या मागच्या भिंतीवर सोआस नावाचा लांब स्नायू आहे. त्याच्या बाहेरच्या कडेने ती निघते आणि सोआस व इलियाकस या दोन स्नायूंमधल्या खाचेतून ओटीपोटात उतरते. जांघेच्या घडीखालून मांडीत शिरते. तिथे बोट ठेवलं तर ठोका लागतो, ती रोहिणी. रोहिणीच्या आतल्या बाजूला नीला, बाहेरच्या बाजूला ही नस. थोडं खाली गेली की तिला झाडूसारख्या फांद्या फुटतात. बहुतेक फांद्या मांडीच्या पुढच्या चार स्नायूंना जातात. जिममध्ये 'लेग डे'ला आपण ज्यांना क्वाड्स म्हणतो, ते हेच. गुडघा सरळ करतात, आणि जिना उतरताना अंगाचं सगळं वजन हळूहळू खाली सोडतात. एक लांब फांदी नडगीच्या आतल्या बाजूने पावलापर्यंत जाते. ती फक्त स्पर्श कळवते.

आता मुठीचा अर्थ लागला. गुडघे एकमेकांवर दाबणारे स्नायू दुसऱ्या नसेवर चालतात. ती निघते त्याच तीन मुळांतून, पण सोआसच्या आतल्या बाजूने जाते. मूळ दुखावलं असतं तर दोन्हीकडची ताकद गेली असती. एक शाबूत आणि एक बंद, म्हणजे बिघाड दोन वाटा वेगळ्या झाल्यानंतरचा. ओटीपोटातला.

केईएम आणि त्याचं मेडिकल कॉलेज गिरण्यांच्या या वस्तीत 1926 साली सुरू झालं. त्या भिंतीलगत मी लहानाचा मोठा झालो, पण आत काय शिकतात याचा विचार कधी केला नव्हता. आपल्याकडे 1949 पासून ॲनाटॉमीचा कायदा आहे. बेवारस मृतदेह शिकण्यासाठी मेडिकल कॉलेजांना देता येतात ते त्यामुळे. आमच्या डॉक्टरबाईंनी ही खाच कधीतरी अशाच कुणाच्या शरीरात पहिल्यांदा पाहिली असणार. त्या माणसाला न्यायला कुणी आलंही नसेल.

सीटीत इलियाकसमध्ये रक्त साठलेलं दिसलं. त्या अरुंद जागेत नस दबली होती.

रक्त का साठलं, हे मला रिपोर्टच्या आधीच कळलं होतं.

पप्पांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, म्हणून ते रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन घेतात. त्यासाठी आयएनआर नावाची तपासणी असते. त्यांचा आकडा दोन ते तीनमध्ये हवा. त्या दिवशी तो सात होता. दहा दिवसांपूर्वी दाढ सुजली म्हणून मी त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" पप्पा म्हणाले, "बीपीची एक गोळी." मी शेजारीच होतो. एका कानात इअरफोन, ऑफिसचा कॉल चालू. मी ते ऐकलं. कॉल म्यूटवर टाकून 'वॉरफरिन' म्हणायला दोन सेकंद लागली असती. मिळालेल्या गोळ्यांत मेट्रोनिडाझोल होतं. त्याने वॉरफरिन शरीरात मोडण्याचं काम मंदावतं आणि रक्त आणखी पातळ होतं. वर महिन्याच्या आयएनआरचा रिमाइंडर माझ्याच फोनवर होता. तो मी दोनदा पुढे ढकलला होता.

व्हिटॅमिन के दिलं, आकडा खाली आला. साठलेलं रक्त फार नव्हतं, ते शरीराने हळूहळू शोषलं. नसेला मात्र वेळ लागतो. सेडन नावाच्या ब्रिटिश सर्जनने 1943 मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले: नुसती बधिर झालेली, आतले तंतू तुटलेली आणि पूर्ण तुटलेली. दुसऱ्या प्रकारात तंतू पुन्हा वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी हिशेब केला. वीतभर अंतर, दोनशे दिवस.

विसर्जनाच्या दिवशी पप्पांनी मिरवणुका गॅलरीतून ऐकल्या. पायाला पट्टा बांधलेला. खाली जाणं शक्यच नव्हतं.

पुस्तकात एक स्नायू भेटला. कमरेच्या बाहेरच्या हाडापासून मांडीवरून तिरका गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणारा, शरीरातला सगळ्यात लांब. नाव सार्टोरियस. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. मांडी घालून बसायला लागतो तो हा. आपल्याकडे अवयव आणि ती बैठक, दोघांना एकच शब्द. त्यालाही हीच नस. मी पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काढून दाखव." त्यांच्या निळ्या खडूने मी त्यांच्या लेंग्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत रेघ ओढली. मग नसेची दुसरी. ते मापं घेताना बघतात तसे बघत होते.

"आणि रक्त का साठलं?"

मी सगळं सांगितलं. इअरफोनसकट.

बराच वेळ ते खडूची रेघ बोटाने पुसत राहिले. म्हणाले, "मला वाटलं, सांगण्यासारखं असतं तर तू सांगितलं असतंस."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

सहाव्या महिन्यात वाटीखाली हातोडी मारल्यावर डावा पाय जरासा हलला. आता ते रोज एकदा खाली उतरतात. फिजिओथेरपिस्टचा नियम आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी दोन पायऱ्या खाली, उलटा, त्यांच्याकडे तोंड करून. त्यांनी आपल्या सगळ्या शर्टांना आतून एक छोटा खिसा शिवून घेतलाय. त्यात औषधांची यादी असते, सगळ्यात वर वॉरफरिन. दुखरा पाय खाली टेकवायच्या आधी ते एकदा खिसा चाचपतात आणि मग दोर धरतात.