गुळाचा रंग

डिसेंबरातली गोष्ट. माझी सेकंड शिफ्ट चालू होती आणि आईचा फोन आला. ती शिफ्टच्या वेळेत कधी फोन करत नाही. "अण्णांना सांगू नको मी फोन केला म्हणून," ती म्हणाली. "कोयत्याचा टवका उडून एका बाईच्या हातात घुसला. कोयता आपल्याकडचाच होता."

मी भोसरीत एका हीट ट्रीटमेंटच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. दुसऱ्यांनी बनवलेले स्टीलचे पार्ट तापवायचे, तेलात बुडवायचे, परत तापवायचे, एवढंच आमचं काम. अण्णाही तेच करतात, माळशिरस तालुक्यातल्या आमच्या गावात. फरक इतकाच की त्यांच्या भट्टीला डिजिटल मीटर नाही. भंगारातून ट्रकचे कमानपाटे आणायचे आणि त्यांचे कोयते, विळे, कुऱ्हाडी करायच्या. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हा आमच्या ऐरणीला उसंत नसते. या लोकांच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. म्हणजे कोयता मोडला की त्या दिवशी नुसतं हत्यार मोडत नाही.

आपल्याकडे हत्यार कडक करण्याला 'पाणी देणं' म्हणतात. धार चांगली असेल तर पातं पाणीदार. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, सगळी करामत पाण्यात आहे. लाल कोयता कुंडीत गेला, चर्रर्र आवाज झाला, की झालं. पण अण्णांचं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. ते फक्त धारेकडची बाजू बुडवायचे आणि लगेच बाहेर काढायचे. पाठ अजून तापलेलीच असायची. मग विटेच्या तुकड्यानं पातं घासून चकचकीत करायचे आणि सांडशीत धरून नुसतं बघत बसायचे. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकायची आणि चकचकीत पोलादावर रंग चालत यायचे. आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ, मग गुळासारखा तांबूस, त्याच्यामागे जांभळा आणि निळा. धारेवर गुळाचा रंग आला की अख्खा कोयता पाण्यात.

या अर्ध्या मिनिटात घरात कुणी बोलायचं नाही. एकदा मी मध्येच काहीतरी विचारलं आणि रंग निळ्यावर गेला. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी कोयता परत भट्टीत सारला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ते गप्प राहणं मला माराहून जास्त लागलं.

या सगळ्याचा अर्थ मला डिप्लोमाला गेल्यावर कळला. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. कमानपाट्यात तो साधारण ०.६ टक्के असतो. लोखंडाचे अणू ठरावीक मांडणीत बसतात. थंड असताना घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि मधोमध एक. या मांडणीतल्या फटी इतक्या लहान असतात की कार्बन फार तर ०.०२ टक्के मावतो. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मांडणी बदलायला लागते. मधला अणू जातो, घनाच्या सहाही बाजूंवर एकेक येतो, आणि फटी मोठ्या होतात. कार्बन त्यांत आरामात शिरतो.

हळूहळू थंड केलं तर कार्बन आला तसा बाहेर पडतो. पण पाण्यात किंवा तेलात एकदम बुडवलं तर त्याला निघायला वेळच मिळत नाही. जुनी मांडणी परत यायला बघते, पण कार्बन आत अडकलेला असतो, म्हणून ती एका बाजूनं ताणली जाते. या ताणलेल्या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. बर्लिनचे आडोल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. त्यांच्या सन्मानार्थ फ्रेंच धातुशास्त्रज्ञ फ्लोरिस ऑसमाँ यांनी १८९५ मध्ये हे नाव दिलं. मार्टेन्साइट प्रचंड कडक असतं आणि तितकंच ठिसूळ. शिवाय ते तयार होताना पोलाद साधारण चार टक्के फुगतं. बाहेरचा थर आधी फुगून कडक होतो, आतला नंतर फुगतो आणि बाहेरच्याला आतून ताणतो. नुसतं पाणी दिलेलं हत्यार असं स्वतःशीच भांडत असतं.

टेंपरिंग म्हणजे त्याला पुन्हा थोडंसं तापवणं. दीडशे-दोनशे अंशांना अडकलेला कार्बन जरा हलतो आणि अतिशय बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला हे कण दिसतही नाहीत. मांडणीचा ताण उतरतो. दोनशे ते तीनशेच्या दरम्यान, न बदलता राहून गेलेली जुनी गरम मांडणीही मोडते. आणखी वर लोखंड-कार्बनचे पक्के कण तयार होतात, चारशेनंतर ते जाड होत जातात आणि सहाशे-सातशेला गोळे होतात. जसजसं तापवाल तसा कडकपणा उतरतो आणि चिवटपणा वाढतो. पण हेही सरळ रेषेत नाही. बऱ्याच पोलादांत २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात चिवटपणा वाढायच्या ऐवजी घटतो. "निळ्याच्या नादी लागू नको," असं अण्णा धारेबद्दल म्हणायचे. पुस्तकात हा पट्टा बघितला तेव्हा मला एकदम तेच आठवलं.

आणि ते रंग? ते पोलादाच्या आतले नसतातच. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा चढत जातो आणि त्याच्या जाडीप्रमाणे प्रकाशाचे रंग बदलतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसे. म्हणजे अण्णा इतकी वर्षं एका पापुद्र्याची जाडी डोळ्यांनी मोजत होते.

टेंपरिंग चुकलं तर काय होतं ते मी नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकलंय. हो, ऐकलंय. ईएन ३१ च्या पिना होत्या, एक टक्का कार्बन. रात्री तेलातून काढल्या तर टेंपरिंगची भट्टी भरलेली. आमच्या जुन्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणायचे. ते म्हणाले, "आधीचा माल थांबव, या कोमट आहेत तोवर आत टाक." मला वाटलं, सकाळी टाकू, काय होतंय. तीनच्या सुमाराला क्रेटमधून 'टिंग' असा आवाज आला. कुणीही हात लावलेला नव्हता. थोड्या वेळानं परत एक. सकाळपर्यंत अकरा पिनांना तडे गेले होते.

सुपरवायझरनं विचारलं तेव्हा मामा माझ्याआधी बोलले. "पोरानं मला विचारलं होतं. मीच म्हणालो सकाळी बघू." त्यांचा त्या महिन्याचा ओव्हरटाइम गेला. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. मामा आता रिटायर झालेत. हे मी इथे पहिल्यांदा लिहितोय.

आईच्या फोननंतरच्या रविवारी गावी गेलो. ती बाई भट्टीजवळच बसली होती. मनगटाच्या वर पट्टी, आत तीन टाके. तिच्या आवाजात राग नव्हता. "मामा, तुमचा आधीचा कोयता चार हंगाम चालला. ह्यो पंधरा दिवसांत गेला." अण्णांनी धारेच्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पाट्यातच खोट असंल."

मी दोन्ही कोयते भोसरीला घेऊन आलो. शिफ्ट संपल्यावर रॉकवेल मशिनवर लावले. जुना ५७, नवा ६१. मग नव्याचा एक तुकडा कापून आमच्या भट्टीत २६० अंशांना तासभर ठेवला. बाहेर आला तो ५६. पाटा चांगला होता. त्यात खोट नव्हती. कोयता पुरेसा तापायच्या आधीच पाण्यात गेला होता.

पुढच्या रविवारी मी अण्णांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी धार बुडवली, वीट घासली, सांडशी खिडकीकडे केली. "आला," म्हणाले आणि हात कुंडीकडे वळला.

"अण्णा, थांबा. अजून गूळ नाही झाला."

मी त्यांच्या कामात बोललो होतो, त्या अर्ध्या मिनिटात. त्यांचा हात थांबला नाही. कोयता पाण्यात गेला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "तू मीटर बघून काम करनारा. तुला रंगातलं काय कळतंय?"

मी मशिनचे आकडे सांगितले नाहीत. खिशात कागद होता, पण काढवला नाही. थोड्या वेळानं त्यांनीच आईला हाक मारली आणि गुळाची ढेप आणायला सांगितली. एक खडा फोडून खिडकीत ठेवला. शेजारी तो कोयता ठेवला. माझ्या डोळ्यांना कोयता फिकट पिवळा दिसत होता, वाळल्या गवतासारखा. अण्णा एकदा गुळाकडे बघायचे, एकदा कोयत्याकडे. डोळे चोळून परत बघितलं.

"दोनी सारखंच दिसतंय मला," ते म्हणाले.

अकलूजच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि सगळ्याच गोष्टींवर तो रंग चढतो. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "किती वर्सं झाली असतील?" डॉक्टर म्हणाले, ते सांगता येणार नाही.

ऑपरेशनची तारीख जानेवारीतली मिळाली. अण्णा म्हणाले, तोवर थांबता येणार नाही. त्या हंगामात त्यांनी चौदा कोयते विकले होते. कुणी घेतले ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मी चार दिवस सुट्टी टाकली. गाडीवर मागे बसून ते फडाफडावर, खोप्याखोप्यांत हिंडले. "कोयता जरा दे माघारी, संध्याकाळी देतो," एवढंच सांगायचे. एकानं विचारलं, काय झालं? अण्णा म्हणाले, "माझी नजर चुकली." तेवढ्याच आवाजात, जशी किंमत सांगावी तसं. मी गाडीला टेकून उभा होतो आणि मला क्रेटमधला तो 'टिंग' ऐकू येत होता.

संध्याकाळी भट्टीवर जाड लोखंडी प्लेट ठेवली. घासलेले कोयते त्यावर पाठीकडून एकेक तापवले. सांडशी अण्णांच्या हातात, रंग मी बघायचा. पहिल्या कोयत्याला मी घाबरून लवकर "आला" म्हणालो. त्यांनी काढला, कानस फिरवून बघितली. कानस नुसती घसरली. "न्हाय," ते म्हणाले आणि परत ठेवला. डोळे गेले तरी कानसेचा हात तसाच होता. नवव्या कोयत्यापर्यंत मला गव्हाळ आणि गूळ यांच्यातला फरक कळायला लागला. आमच्या वर्कशॉपमध्ये इतक्या वर्षांत मी तो एकदाही बघितला नव्हता. तिथे भट्टीचं दार बंद असतं.

आता अण्णांचा एक डोळा झालाय, दुसरा उन्हाळ्यात करायचा आहे. पट्टी काढली त्या दिवशी ते घराच्या दाराचा निळा रंग बघत उभे राहिले होते. "ह्यो असा होता व्हय?"

नऊ कोयते झाले. पाच जणांच्या टोळ्या तोवर दुसऱ्या कारखान्याकडे गेल्या होत्या. मुकादमांचे नंबर मिळवून मी फोन लावतोय. दोन लागले. रविवारी घरी फोन केला की अण्णा आधी तेच विचारतात.

"उरलेल्या तिघांचं काय कळलं का रं?"