पाण्यातली म्हैस

‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण आमच्या घरात न पाहता सौदा करणाऱ्याच्या थट्टेसाठी राखून ठेवलेली. सुलतान बाजारात लुगड्याचा पदर चिमटीत धरून पोत पाहिल्याखेरीज भाव विचारायचा नाही, हा हैदराबादेतल्या आमच्या तीन पिढ्यांचा शिरस्ता. परंतु घरातली जुनी पत्रे, दस्तऐवज आणि छायाचित्रे संगणकात उतरवून ठेवण्याचे ठरले, त्यासाठी सुटे भाग जमवून संगणक घरीच जुळवण्याचा बेत झाला, आणि काठावर उभे राहून मोल करण्याची पाळी आमच्यावरच आली. नव्या भागांसाठी सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर होतेच; पण मागच्या पिढीचे वापरलेले भाग विकणारी माणसे गावोगाव विखुरलेली. त्यांच्यापर्यंतची वाट इंटरनेटवरूनच जात होती.

पहिला विचार सोयरिकीचा. भाग कितीही गुणी असो, दुसऱ्याशी त्याची पत्रिका जुळावी लागते. एएमडी कंपनीच्या २०१६ सालच्या एएम४ बैठकीतला प्रोसेसर २०२२ च्या एएम५ बैठकीत बसत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमच्या पट्ट्यांवरील खाचाही वेगवेगळ्या जागी असतात. कधी बैठक जुळते, परंतु मदरबोर्डाचे बायॉस जुने असल्यामुळे त्याला प्रोसेसरची ओळखच पटत नाही.

दुसरा विचार वार्धक्याचा. सगळे भाग सारखे म्हातारे होत नाहीत. प्रोसेसरात हलणारे काही नसते; तो नीट वागवला असेल तर वर्षानुवर्षे टिकतो. एएम४ च्या प्रोसेसरला खालून बारीक पिना असतात, त्या वाकलेल्या नसल्या म्हणजे झाले. हार्ड डिस्कचे हलणारे भाग मात्र फिरून फिरून झिजतात. ती किती तास चालली याची नोंद तिच्यातच असते. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर उष्णतेने क्षीण होतात, आणि तो बिघडला तर शेजाऱ्यांनाही सोबत नेऊ शकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली. ते मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली पुष्कळ ग्राफिक्स कार्डे मग जुन्या बाजारात आली. त्यांच्या पंख्यांचे आयुष्य किती उरले, हे छायाचित्रावरून कसे कळावे? आमच्या कामाला वेगळ्या कार्डाची गरज नव्हती, तेव्हा चित्रदर्शनाची सोय अंगचीच असलेला प्रोसेसर निवडला.

उरला प्रश्न विक्रेत्याच्या पारखेचा. पिनांचे जवळून छायाचित्र, सोबत त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी, आणि संगणक चालू असतानाचे चित्रण, एवढे आम्ही प्रत्येकाकडे मागितले. काहींनी ‘घ्यायचे तर घ्या’ म्हणून विषय संपवला. एकाने मागितले ते पाठवलेच, वर डब्याचा एक कोपरा चेपला आहे हेही आपण होऊन कळवले. उत्तर देण्याची रीत हाच आम्हाला चिमटीत सापडलेला पोत. पार्सल उघडतानाचे चित्रणही करून ठेवले. तक्रारीची वेळ आलीच तर पुरावा हाताशी असावा.

शेवटी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पेटी जुनी घेतली. पॉवर सप्लाय आणि डिस्का नव्या. जे बिघडले तर पुन्हा विकत मिळेल ते जुने चालेल. ज्याच्यावर न मिळणारे ठेवायचे ते नवे हवे, आणि त्याचीही दुसरी प्रत वेगळ्या घरी हवी. आज पणजोबांची पत्रे दोन नव्या डिस्कांवर दोन घरांत आहेत. ती उतरवून घेणारा प्रोसेसर मात्र कोणा अनोळखी घरी काही वर्षे राबून आमच्याकडे आलेला आहे.