शेताचे आडनाव

फ्रान्समधील बोन नगरापासून सांतने गावापर्यंत द्राक्षमळ्यांमधून सायकलींसाठी जो वीसएक किलोमीटरांचा मार्ग आहे, त्यावर आम्ही दोन दिवस रेंगाळलो. आगगाडीच्या खिडकीतून ही टेकडी म्हणजे केवळ एक सलग हिरवा पट्टा. सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना मात्र तिचा प्रत्येक चढउतार निराळा कळतो. तेथील शेतकऱ्यासही तो असाच कळत आला आहे. दगडी गडग्याच्या अलीकडे व पलीकडे द्राक्षे एकाच जातीची. परंतु माती, उतार व ऊन बदलले की मद्याची चव बदलते, म्हणून प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र नाव! असे १,२४७ तुकडे २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशात गणले.

आपल्याकडे माणूस गावाचे नाव लावतो. येथे गावच शेताचे नाव लावते. प्युलिन्यी आणि शासान्य या शेजारच्या गावांनी १८७९ साली आपापल्या नावास माँत्राशे या एकाच मळ्याचे नाव जोडून घेतले.

आम्ही मद्य घेत नाही. तरीही त्या गावांचा आम्हांस हेवा वाटला. आमच्याही शेतांना आंबराई, जांभूळपट्टी, वडाचा मळा अशी नावे होतीच की! सात-बाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आजही असतो. पण तो पुष्कळदा कोराच राहतो. आणि ज्यांना विचारून तो भरावा, ती वडीलधारी माणसे एकेक करून निघून चालली आहेत.