न लिहिलेला ड्रेसकोड

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन एका नव्याच प्रश्नासाठी यायला लागले आहेत. आधी त्या विचारायच्या, "आपा, बी.एड.चा फॉर्म कुठे भरू?" किंवा "टीईटीच्या मराठीची तयारी कशी करू?" आता विचारतात, "आपा, मुलाखतीला काय घालून जाऊ?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. कपड्यांमधलं माझं ज्ञान इतवारीच्या दुकानात सुती कापड हाताने ओळखण्यापलीकडे नाही. तरी प्रश्न मलाच येतो, कारण या मुली जिथे निघाल्या आहेत तिथे त्यांच्या घरातलं किंवा ओळखीतलं आधी कुणी गेलेलं नाही. जाहिरात, ग्राफिक डिझाइन, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग. हल्ली ज्याला क्रिएटिव्ह फील्ड म्हणतात ते सगळं. मोमिनपुऱ्यातल्या किंवा जाफरनगरातल्या मुलीला बँकेच्या मुलाखतीबद्दल सांगणारा एखादा मामू भेटतो, शाळेच्या मुलाखतीबद्दल सांगणारी खाला भेटते. डिझाइन स्टुडिओबद्दल सांगणारं कुणी भेटत नाही. मग शाळेतल्या बाईंना फोन होतो.

आमच्या पेशात हा प्रश्न फारसा पडत नाही. बी.एड.च्या सरावपाठांना साडी सक्तीची होती. वर्गात शिरण्याआधी मार्गदर्शक मॅडम पदराची पिनसुद्धा बघायच्या. माझ्या स्कार्फबद्दल त्यांनी एकच सांगितलं होतं, रंग साडीशी जुळू दे. पुढे १५ मार्च २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासन निर्णयच काढला. बाईंनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. सरांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. जीन्स-टीशर्ट नको. स्टाफरूममध्ये त्यावर खूप कुरकुर झाली, मीही केली. पण त्या नियमात एक सोय आहे. तो कागदावर आहे. वाचता येतो, त्यावर भांडता येतं, आणि पाळला की विषय संपतो.

क्रिएटिव्ह कंपनीत असा कागद नसतो. तिथे सांगतात, "आमच्याकडे ड्रेसकोड वगैरे काही नाही, काहीही घालून या." ऐकायला छान वाटतं. पण या 'काहीही'चा अर्थ आत असलेल्यांनाच ठाऊक असतो. जीन्सवर हातमागाचा कुर्ता चालतो, भावाच्या लग्नात शिवलेला सलवार सूट चालत नाही. गुडघ्यावर फाटलेली जीन्स चालते, पण पांढरा शर्ट आणि काळी पँट कडक इस्त्री करून गेलेला मुलगा 'चुकून आमच्याकडे आला वाटतं' असा ठरतो. ज्याचे आईवडील किंवा दोस्त त्या जगातले आहेत, त्याला हे न शिकवता कळतं. बाकीच्यांनी अंदाज बांधायचा. म्हणजे ड्रेसकोड असतोच, फक्त लिहिलेला नसतो.

कलावंताला पाहिजे तसं राहता येतं, असं म्हणणारे मकबूल फिदा हुसेन यांचं उदाहरण देतात. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेला हा माणूस जगभर अनवाणी फिरला. त्यामागची गोष्ट आपल्या नागपूरच्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. कवी गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे होते. त्यांनी आयुष्यातली काही वर्षं नागपुरात, आकाशवाणीत आणि 'नया खून' या साप्ताहिकात काढली. १९६४ साली दिल्लीत त्यांची अंत्ययात्रा निघाली, तिथून हुसेन यांनी पायातलं सोडलं असं सांगतात. पण अनवाणी पायांना मान मिळाला तो हुसेन हे नाव मोठं झाल्यावर. तरीही मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना त्या पायांनी आत घेतलं नव्हतं. त्याआधी, सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायच्या दिवसांत, काम मागायला गेलेल्या पोराला कुणी अनवाणी आत घेतलं असतं का? मनासारखं राहायची मुभा नाव झाल्यावर मिळते. पहिल्या मुलाखतीला ती कुणाजवळच नसते, आणि आपल्या मुलींजवळ तर आणखी कमी.

आता नागपुरातली एक रोजची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे सरकला की इथली प्रत्येक मुलगी स्कूटीवर बसण्याआधी दुपट्टा बांधते. डोकं, कान, नाक, गळा सगळं झाकून फक्त डोळे उघडे. सिग्नलला उभ्या दहा मुलींत हिंदू कोण, मुसलमान कोण, बौद्ध कोण हे कुणालाही सांगता येणार नाही. फरक पडतो तो पार्किंगमध्ये. तिथे नऊ जणी दुपट्टा सोडून डिकीत ठेवतात. दहावी तोंडावरचा सोडते, डोक्यावरचा ठेवते. लिफ्टमध्ये शिरेपर्यंत सगळ्यांसारखी असलेली ती तिथून पुढे 'वेगळी' होते.

माझी एक विद्यार्थिनी अशी दहावी आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, मराठी माझ्याकडे. नंतर उपयोजित कलेची पदवी घेतली. तिच्या पोर्टफोलिओत अठरा नमुने होते. त्यातला संत्रा बर्फीचा डबा मला सगळ्यात आवडला. त्यावर तिने एकच नाव दोन लिप्यांमध्ये असं बसवलं होतं की देवनागरीची शिरोरेषा आणि नस्तालीकचा उतार एकमेकांत मिसळून जातात. हे काम दोन्ही लिप्या हाताने गिरवलेल्या मुलीलाच सुचू शकतं.

पहिल्या मुलाखतीच्या आदल्या रात्री तिच्या घरी वाद झाला. आपल्याला वाटतं तसा तो नव्हता. अम्मी म्हणत होती, "एक तासाचा तर प्रश्न आहे, काढून जा. नोकरी लागली की मग बघू." मुलगी म्हणत होती, "एका तासाचा नाही अम्मी, नोकरी रोज आठ तासांची आहे. नंतर घातला तर म्हणतील, तेव्हा फसवलं." फोन माझ्याकडे आला तेव्हा मी अम्मीला एवढंच म्हटलं, की रोज जे घालून ती काम करणार आहे, तेच घालून तिला जाऊ द्या.

शहरातल्या त्या जाहिरात संस्थेत तिला दोन प्रश्न विचारले गेले. "क्लायंट मीटिंगलाही हे असंच असेल का?" आणि "घरून परवानगी आहे ना?" अठरापैकी तीन नमुने बघून लॅपटॉप मिटला गेला. नंतर कधी निरोप आला नाही. मला ती म्हणाली, "आपा, नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी डबा बघितलाच नाही."

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २००८ साली अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात, समांथा एलाउफ नावाची सतरा वर्षांची मुलगी अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली. ही कंपनी आपल्या विक्रेत्यांना 'मॉडेल' म्हणायची आणि त्यांनी कसं दिसावं याचं धोरणच तिच्याकडे होतं. समांथाने काळा स्कार्फ बांधला होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला चांगले गुण दिले, पण वरच्या अधिकाऱ्याने स्कार्फ धोरणात बसत नाही म्हणून तिला घेऊ नका असं सांगितलं. मुलाखतीत स्कार्फ हा शब्दही निघाला नव्हता. तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. निर्णय मागच्या खोलीत झाला. प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १ जून २०१५ रोजी आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल तिच्या बाजूने लागला. कंपनीचं म्हणणं होतं की तिने आम्हाला धार्मिक सवलत मागितलीच नव्हती. कोर्टाने सांगितलं, सवलत द्यावी लागू नये म्हणून नाकारलं असेल, तर ही सबब चालणार नाही.

आपल्याकडे ती वाट नाही. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी कंपनीने धर्म बघून मुलाखतीत नाकारलं, तर दाद मागायला तसा थेट कायदा नाही. आणि स्कार्फ घरी ठेवला की प्रश्न मिटतो, असंही नाही. लेडबाय फाउंडेशनने २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एक हजार नोकऱ्यांसाठी दोन सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. एकावर नाव हबीबा अली, दुसऱ्यावर प्रियंका शर्मा. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३. कागदावर ना फोटो होता, ना स्कार्फ. काही दारं कपड्यांआधी नावालाच बंद होतात. म्हणून नोकरी नाही मिळाली की घरचे लगेच "तरी सांगत होतो, स्कार्फ काढ" म्हणतात, ते थांबवावं.

याच्या उलट बाजूही आहे, आणि नागपुरात राहून ती विसरता येत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं होतं, की ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते तो सोडा, नीट लुगडं नेसा. तिथे खूण टाकून देण्यात सन्मान होता, कारण ती खूण दुसऱ्यांनी लादलेली होती. माझ्या विद्यार्थिनीला खूण ठेवण्यात सन्मान वाटतो, कारण ती तिने स्वतः घेतली आहे. आणि माझ्याच वर्गातल्या दुसऱ्या एकीने कॉलेजात स्कार्फ सोडला. तीही माझी तेवढीच लाडकी आहे. मुलाखतीच्या कपड्यांना ईमानाची परीक्षा करू नये, आणि आधुनिकतेचीही. बघायचं एवढंच, की ठरवलं कुणी. अम्मीने नको, कंपनीने नको, मीही नको.

आता मुलींना (आणि दाढी-टोपीबद्दल हाच प्रश्न विचारणाऱ्या मुलांना) मी जे सांगते ते लिहून ठेवते.

जायच्या आधी विचारा. "आपल्याकडे पेहरावाबद्दल काही अपेक्षा आहेत का? मी स्कार्फ घालते," एवढा दोन ओळींचा मेल पुरतो. नाही म्हणायचं असेल तर ते तिथेच म्हणतील आणि तुमचं पेट्रोल वाचेल.

त्या कंपनीच्या पानावरचे फोटो बघा. सणाचे नव्हेत, रोजच्या कामाचे. ते लोक घालतात त्याहून एक पायरी नीटनेटकं घाला, दोन पायऱ्या नको.

नवे कपडे घालू नका. जे घालून तुम्ही बसू, वाकू, लॅपटॉप उघडू शकता आणि ज्याची पिन सारखी सरकत नाही तेच घाला. उन्हाळ्यात प्रवासाचा दुपट्टा आणि मुलाखतीचा स्कार्फ वेगळा ठेवा. पंधरा मिनिटं आधी पोचा, तोंड धुवा, घाम वाळू द्या.

कामाची लिंक आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे तुम्हाला बघण्याआधी त्यांनी तुमचं काम बघितलेलं असेल.

आणि प्रश्न आलाच तर उत्तर तयार ठेवा. "हो, मी रोज घालते. कामात अडचण येत नाही. पुढचा नमुना दाखवू?" चिडू नका, माफीही मागू नका.

माझ्या विद्यार्थिनीने दुसऱ्या ठिकाणी असा मेल केला. उत्तर आलं, "जे सोयीचं वाटेल ते घाला, काम मात्र प्रिंटमध्ये आणा." मुलाखत पाऊण तास चालली. त्यातली वीस मिनिटं त्या डब्यावर, दोन लिप्यांच्या जाडीचं गणित कसं बसवलं यावर. स्कार्फबद्दल एकच प्रश्न झाला, हेडफोन लावायला त्रास होतो का. ती म्हणाली, नाही. आधी तीन महिने शिकाऊ म्हणून घेतलं, आता ती तिथेच पगारावर आहे. पगार फार नाही, पण अम्मी आता दुकानात मिठाईचा डबा हातात घेतला की उलटून बघते, कुणी बनवला म्हणून.

हा लेख वाचणाऱ्यांत काही जण अशा ऑफिसांत मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसत असतील. त्यांना एक विनंती. नोकरीची जाहिरात देताना पेहरावाबद्दल एक ओळ लिहा. नियम असेल तर नियम लिहा, नसेल तर 'स्कार्फ, टोपी, पगडी, टिकली, काहीही चालेल' असं स्पष्ट लिहा. 'काहीही घालून या' एवढ्याने आमच्या मुलींना कळत नाही की त्या 'काहीही'मध्ये त्या येतात की नाही. एका ओळीने कितीतरी घरांतला आदल्या रात्रीचा वाद मिटेल.