घाणेरी

मराठीने बहुतेक फुलझाडांना मायेने नावे दिली आहेत. बकुळ, मोगरा, शेवंती, अबोली ही नावे घेताना जीभ मऊ होते. घाणेरी हे नाव मात्र नाक मुरडून ठेवलेले आहे. पान चुरगाळले की एक उग्र दर्प बोटांना चिकटतो आणि हात धुतल्यावरही काही वेळ रेंगाळतो. गुराख्याला, मोळीवालीला, माळावरून शाळेत जाणाऱ्या पोराला तिची पहिली ओळख या वासानेच झाली, आणि त्यांनीच तिचे बारसे केले. कुठे तिला टणटणीही म्हणतात. झारखंडात ती पुटुस, कुमाऊंच्या डोंगरात कुरी, तामिळ मुलुखात उण्णिच्चेडी. ही सारी नावे बोलीतली आहेत. जुन्या निघंटूंत तिला शोधणे व्यर्थ आहे. ते रचले गेले तेव्हा ती या भूमीवर नव्हतीच.

दिसायला ती देखणी आहे. नखाएवढ्या फुलांचा गोल गुच्छ. कडेची फुले आधी उमलतात, मधल्या कळ्या मागाहून. उमलताना पिवळे असलेले फूल पुढे नारिंगी, गुलाबी किंवा तांबडे होत जाते, त्यामुळे एकाच गुच्छात दोन-तीन रंग नांदतात. फुलपाखराला या रंगांची भाषा कळते. पिवळ्यात मध आहे, तांबड्यात सरला, हे जाणून ते नेमके पिवळ्यावर उतरते. खेड्यातली पोरे फुलांच्या नळ्या चोखतात आणि पिकून काळीभोर झालेली फळे तोंडात टाकतात. बुलबुलही तीच फळे खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात.

या रूपानेच तिला देशोदेशी नेले. तिचे मूळ घर उष्ण कटिबंधातील अमेरिका. सतराव्या शतकात ती युरोपातील हौशी बागाइतदारांच्या हाती पडली. त्यांनी निरनिराळ्या जातींचे संकर करून नवनव्या रंगांचे शेकडो वाण निपजवले. लिनियसने 1753 साली तिला लँटाना कमारा हे शास्त्रीय नाव दिले. 1809 च्या सुमारास इंग्रजांनी तिला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावले. तेथून ती बंगल्यांच्या कुंपणांवर गेली, छावण्यांत गेली, आणि एके दिवशी कुंपण ओलांडून रानात शिरली. आज सह्याद्रीच्या उतारांपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत माजलेली घाणेरी खऱ्या अर्थाने कोणत्याच रानाची नाही. तिला रानाने घडवलेले नाही, माळ्याच्या हौसेने घडवले आहे.

तिच्या परकेपणाचा मुद्दा येथे निघतो, आणि तो जपून हाताळावा लागतो. परदेशी वनस्पती म्हणताच कपाळाला आठी घालणाऱ्याने एकादशीच्या फराळाचे ताट आठवून पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची हे सगळे त्याच अमेरिकेतून समुद्र ओलांडून आले, आणि अन्न वर्ज्य असलेल्या दिवशीही ते पवित्र ठरले. कोकणचा काजू पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरला. सीताफळाला तर सीतेचे नाव मिळाले. तेव्हा बाहेरून येणे हा अपराध मानला, तर अर्धे स्वयंपाकघर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल.

फरक आहे तो नात्यांचा. मिरची आणि काजू माणसाच्या हाताला बांधलेले राहिले. त्यांना कोणी पेरते, कोणी खुडते, कोणी खाते. घाणेरी आली ती एकटी. तिला मायदेशी कुरतडणारे किडे आणि पोखरणाऱ्या अळ्या मागेच राहिल्या. येथल्या गुरांनी तिला तोंड लावले नाही, आणि भुकेपोटी लावले त्यांचे यकृत तिच्या विषाने बिघडले, उन्हात कातडी सोलवटली. न खाल्ले जाणारे झुडूप जंगलात वाढत राहते. त्याची गच्च जाळी होते, जमिनीवर ऊन पोचत नाही, खालचे गवत विरते, मोठ्या झाडांची रोपे डोके वर काढू शकत नाहीत. गवत गेले की हरीण आणि गवा तेथून पाय काढतात, आणि त्यांच्यामागे त्यांच्यावर जगणारा वाघही. देशातील व्याघ्रक्षेत्रांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने 1,54,000 चौरस किलोमीटर जंगल व्यापल्याचे दिसले. पाहणीतल्या जंगलाचा हा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग आहे. वरून पाहणाऱ्याला ते रान हिरवेगार दिसते. त्या हिरवाईत चारा किती उरला, हे फक्त जनावराला कळते.

तिला आवरण्याचे प्रयत्नही जुने आहेत. तिला खाणारे किडे बाहेरून आणावेत, असा विचार गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच पुढे आला. 1941 साली ऑस्ट्रेलियातून एक बारीकसा, ढेकणाच्या वर्गातला कीटक आणला गेला. चाचणीत तो सागाच्या फुलांवरही उपजीविका करतो असे आढळले, म्हणून त्याची पैदास नष्ट करण्यात आली. परंतु काही कीटक तोवर निसटले होते. पुढे ते देशभर पसरले. घाणेरीची पाने त्यांनी खाल्ली, पण घाणेरी हटली नाही. शेकडो वाणांच्या संकरातून आलेल्या झुडपाला एका किड्याने संपवणे सोपे नव्हते. कुंपणातून निसटलेल्या झुडपामागे चाचणीतून निसटलेला किडा धावला, आणि दोघेही येथेच राहिले.

या कहाणीतील सर्वांत विचार करायला लावणारा भाग कर्नाटकात, बिळिगिरी रंगन टेकड्यांत घडला. तेथे सोलिग हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. उन्हाळा तापण्याआधी, पाचोळा पुरता वाळलेला नसताना ते रानाला हलकी आग लावीत. ही आग जमिनीलगत सरकत जाई आणि फक्त पाचोळा जाळी. त्यांच्या भाषेत ती ‘तरगु बेंकी’, पाचोळ्याची आग. तिने वाट मोकळी होई, कोवळे गवत फुटे, आवळ्यावरचे बांडगूळ आटोक्यात राही. 1974 साली तेथे अभयारण्य झाले आणि आगीवर बंदी आली. जंगल वाचवायचे तर आग थांबवली पाहिजे, हा तर्क कागदावर बिनतोड होता. सोलिगांचे म्हणणे असे की, आग थांबली तशी घाणेरी माजली आणि आवळ्याला बांडगुळाने ग्रासले. संशोधकांनी रान मोजले तेव्हा 1997 साली नमुन्याच्या 41 टक्के भागांत असलेली घाणेरी 2008 साली 81 टक्के भागांत दिसली. ज्याला आग लावणारा म्हणून दोषी धरले, त्याच्याजवळच रानाची जुनी रोजनिशी होती. ती उघडून पाहण्याची तसदी फार उशिरा घेतली गेली. 2011 साली तेथील ग्रामसभांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले.

मात्र यावर ‘आता आग लावू द्या’ असा सोपा निकाल देता येत नाही. घाणेरीची वाळलेली जाळी माणसाच्या उंचीहून वर गेली आहे. आज ठिणगी पडली तर आग पाचोळ्यापुरती राहणार नाही, झाडांच्या शेंड्यांना भिडेल. जे ज्ञान 1974 साली उपयोगी पडले असते, तेच आज जसेच्या तसे वापरणे धोक्याचे झाले आहे. ज्ञानालाही ऋतू असतो. तो टळला की शहाण्यालाही हात चोळीत बसावे लागते.

म्हणून उरते ते कष्टाचे काम. झुडपाचे नुसते शेंडे छाटले तर ती दुप्पट जोमाने फुटते. तिचे मूळ जमिनीखाली, फुटवा येणाऱ्या भागाच्या खाली तोडावे लागते आणि झुडूप उपटून उलटे ठेवावे लागते, म्हणजे ते पुन्हा मातीला धरत नाही. मग मोकळ्या जागेत गवत लावायचे, बुलबुलांनी टाकलेल्या बियांतून उगवलेली रोपे दर पावसाळ्यात वेचायची, आणि हे वर्षानुवर्षे करायचे. उद्घाटनाची फीत कापावी असा क्षण या कामात येत नाही.

नीलगिरी आणि आसपासच्या डोंगरांतील सोलिग, बेट्ट कुरुंब, काट्टुनायकन, पणिया या समाजांतील कारागिरांनी तिच्यातून एक वेगळी वाट काढली. तिच्या फांद्या उकळून, सोलून, वाकवून ते खुर्च्या करतात, आणि खऱ्या हत्तीएवढे हत्ती घडवतात. 2021 साली असा शंभरांवर हत्तींचा कळप लंडनच्या उद्यानांत उभा राहिला. 2024 साली हे हत्ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोचले. जी वनस्पती अमेरिका खंडातून निघून, युरोपच्या बागांत सजून, कलकत्त्याच्या घाटावर उतरली, तीच दोन शतकांनी हत्तीचे रूप घेऊन आल्या वाटेने परत गेली. पाहणाऱ्यांनी कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण एका हत्तीत मावते ती घाणेरी किती? आणि जो जिवंत हत्ती या जाळीतून वाट काढत चाऱ्याच्या शोधात शेतापर्यंत येतो, त्याच्यासाठी गवत कोठून येणार?

या प्रश्नाचे उत्तर जंगलातच द्यावे लागेल, आणि ते देणारे हात बहुधा त्यांचेच असतील, ज्यांनी तिला वासावरून ओळखून नाव दिले. त्यांना मजूर म्हणून बोलावले तर झुडपे उपटली जातील, एवढेच. जाणते म्हणून बोलावले तर या रानात पूर्वी कोणते गवत होते, ते कोठे प्रथम फुटत असे आणि कोणते जनावर त्यासाठी येत असे, हेही कळेल. हे सांगू शकणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत.