टोरांटो मेपल लीफ्सचा जायबंदी हंगाम

टोरांटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाने स्टॅनली कप शेवटचा जिंकला तो १९६७ साली. त्यानंतर टोरांटोत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या एकाही पिढीने हा कप शहरात आलेला पाहिलेला नाही. तरीही ऑक्टोबर उजाडला की युनियन स्टेशनात उतरणाऱ्या लोकल गाड्या निळ्या जर्सींनी भरतात. ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या मराठी घरांतली मुले निळी टोपी घालून शाळेत जातात, आणि सोमवारी सकाळी कार्यालयात हवामानाच्या आधी गोलरक्षकाचा विषय निघतो. या शहरात नव्याने आलेल्या माणसाला हॉकी कळली नाही, तर सहकाऱ्यांच्या निम्म्या गप्पा त्याच्या डोक्यावरून जातात. शहराचा हा जिव्हाळा समजून घ्यायचा असेल, तर २०२३-२४ चा हंगाम पाहावा. त्यात मोठे करार होते, विक्रम होते, एकामागून एक दुखापती होत्या, आणि शेवट सातव्या सामन्यातल्या जादा वेळेत झाला.

खेळ थोडक्यात असा. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू असतात, त्यांत एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग होतात. वेग इतका, की खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतो आणि बाकावर परततो, त्याच्या जागी दुसरा उडी घेतो. म्हणून एका सामन्यासाठी दोन गोलरक्षक धरून वीस जण तयार ठेवावे लागतात. २०२३-२४ मध्ये नॅशनल हॉकी लीगमधला प्रत्येक संघ ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ८२ सामने खेळला. विजयाला दोन गुण, जादा वेळेत हरल्यास एक गुण. मग बाद फेऱ्या, आणि त्यांत प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. रबराची कठीण पक, हातातल्या काठ्या, पायांतली पाती आणि कडेच्या फळ्यांवर होणाऱ्या धडका पाहता ८२ सामने धडधाकट राहणे ही स्वतंत्र कामगिरीच म्हणायला हवी.

शनिवारची रात्र हॉकीची, हा कॅनडातला रेडिओच्या काळापासूनचा रिवाज. शनिवार आला की शनिशिंगणापूरचा रस्ता जसा घोडेगावापासून माणसांनी भरू लागतो, तसे शनिवारी संध्याकाळी टोरांटोच्या मध्यभागातले रस्ते स्कोशियाबँक अरीनाच्या दिशेने वाहतात. हिवाळ्यात संध्याकाळी सातला सुरू झालेला सामना शिंगणापुरात रविवारी पहाटे साडेपाचचा असतो. २००८ पासून या शनिवारच्या सामन्यांचे पंजाबी समालोचनही होते, आणि त्याने दक्षिण आशियातून आलेल्या हजारो घरांत हॉकी नेली. अनेक मराठी घरांतही आजी-आजोबांना हॉकी प्रथम कळली ती या पंजाबी आवाजातून, कारण इंग्रजी समालोचनाचा वेग त्यांना झेपत नव्हता. स्थलांतरितांना खेळात सामावून घेण्यासाठी कॅनडात जे काही झाले, त्यात या एका गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

लीफ्सच्या सगळ्या अडचणींचे मूळ पैशाच्या वाटपात होते. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते. २०२३-२४ मध्ये ती ८ कोटी ३५ लाख अमेरिकी डॉलर होती. त्यांतले सुमारे ४ कोटी ५ लाख, म्हणजे निम्म्याला थोडे कमी, चार आघाडीपटूंकडे जात होते : ऑस्टन मॅथ्यूज, जॉन टव्हारेस, मिच मार्नर आणि विल्यम नायलँडर. उरलेल्या पैशांत बचावफळी, गोलरक्षक आणि बाकीचा संघ उभा करायचा होता. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे गणित परके नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी प्रत्येक संघाला पाच कोटींची मर्यादा होती, आणि पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. फरक असा, की पलटणकडे अस्लम इनामदार, आकाश शिंदे, पंकज मोहिते असे आधीपासून घडवलेले तरुण होते. शादलूवर एवढी रक्कम लावूनही संघ रिकामा पडला नाही. लीफ्सकडे तशी तयार तरुण फळी अपुरी होती.

मे २०२३ च्या अखेरीस ब्रॅड ट्रेलिव्हिंग महाव्यवस्थापक झाले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत त्यांनी दणकट रायन रीव्हज, बचावपटू जॉन क्लिंगबर्ग, टायलर बर्टुझी आणि मॅक्स डोमी यांना करारबद्ध केले. डोमीचे वडील टाय डोमी याच संघातून वर्षानुवर्षे खेळलेले, त्यामुळे जुन्या प्रेक्षकांना तो घरचाच वाटला. रीव्हज सोडला तर हे करार एकेका वर्षाचे होते, कारण लांबच्या करारांसाठी जागाच उरली नव्हती. ऑगस्टमध्ये मॅथ्यूजने चार वर्षांचा नवा करार केला. त्याच महिन्यात सायमन बन्वा नावाचा एक बचावपटू किमान पगारावर आला. त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही.

सप्टेंबरमध्ये गणपती बसले त्याच आठवड्यात सराव शिबिर सुरू झाले. सुरुवात झगझगीत झाली : मॅथ्यूजने ११ आणि १४ ऑक्टोबरच्या पहिल्या दोन्ही सामन्यांत हॅट्ट्रिक केली. नायलँडरने पहिल्या सलग सतरा सामन्यांत वैयक्तिक गुण, म्हणजे गोल किंवा गोलला साहाय्य, मिळवले. त्यांतला सतरावा सामना दिवाळीनंतरच्या आठवड्यात स्टॉकहोममध्ये झाला, आणि त्याच्या स्वीडिश चाहत्यांसमोर त्यानेच जादा वेळेत विजयी गोल केला.

मात्र बचावफळी तोवर ढासळू लागली होती. जेक मझिनला मानेच्या मणक्याच्या दुखापतीमुळे आदल्या हंगामापासूनच खेळता येत नव्हते. गोलरक्षक मॅट मरी कमरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. नोव्हेंबरच्या आरंभी टिमोथी लिलियग्रेनचा घोटा दुखावला, महिनाअखेरीस चाळिशीतल्या मार्क जिओर्डानोचे बोट मोडले. क्लिंगबर्ग चौदा सामने खेळला आणि त्यालाही कमरेच्या शस्त्रक्रियेसाठी हंगाम सोडावा लागला. लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार किमान दहा सामने आणि चोवीस दिवस बाहेर राहणाऱ्या खेळाडूच्या पगाराइतकी मर्यादा ओलांडता येत होती. त्यामुळे जायबंदी खेळाडूंच्या यादीतूनच नव्या खरेदीसाठी पैसे निघत होते. कागदावर ही सोय चांगली दिसते. पण डिसेंबरच्या मध्यात चांगला बचावपटू बाजारात मिळत नाही, आणि नियमाने मोकळे झालेले पैसे बर्फावर धावत नाहीत.

सगळ्यांत मोठा घाव गोलरक्षणावर बसला. हंगामाचा पहिला गोलरक्षक इल्या सॅमसोनोव्ह नोव्हेंबरपासून चाचपडत होता. त्याची जागा तरुण जोसेफ वोलने घेतली आणि उत्तम निभावली. ७ डिसेंबरला ओटावात वोलचा घोटा दुखावला, आणि तो फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत परतला नाही. सॅमसोनोव्हचा खेळ इतका खालावला, की ३१ डिसेंबरला संघाने त्याला सोडचिठ्ठीच्या यादीत टाकले. म्हणजे बाकीच्या ३१ संघांपैकी कुणीही त्याला फुकट उचलू शकत होते. कुणी उचलले नाही. मधल्या काळात मार्टिन जोन्स या चौतिशीच्या उंबरठ्यावरच्या अनुभवी गोलरक्षकाने संघ तारला. संघात तिसरा-चौथा म्हणून घेतलेल्या माणसाने काढलेले ते आठवडे या हंगामातले सर्वांत मोलाचे होते. जानेवारीत सॅमसोनोव्ह परतला तो सावरलेला दिसला. लीगने नाकारलेला खेळाडू महिन्याभरात पुन्हा पहिल्या पसंतीचा झाला, आणि प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष केला. टोरांटोचा प्रेक्षक निष्ठुर आहे असे म्हणतात. सॅमसोनोव्हच्या बाबतीत तरी त्याने मोठे मन दाखवले.

८ जानेवारीला नायलँडरने आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलरचा करार केला. त्याने तो खेळून कमावला होता. हंगामअखेर त्याच्या नावावर ४० गोल आणि ९८ गुण होते. पण या कराराने पैशाचे तेच जुने वाटप पुढच्या काळासाठीही पक्के केले.

फेब्रुवारीत बचावफळीचा आधार मॉर्गन रायली याला ओटावाच्या खेळाडूच्या डोक्याकडे काठी आडवी मारल्याबद्दल पाच सामन्यांची बंदी झाली. शहरात हाहाकार उडाला, आणि लीफ्सने ते पाचही सामने जिंकले. किमान पगाराचा बन्वा आता रोज खेळत होता आणि धडका देऊन समोरच्यांना रोखत होता. मार्चमध्ये त्याला तीन वर्षांचा करार मिळाला. अल्बर्टातल्या वेनराइट या छोट्या गावचा बॉबी मॅकमन १३ फेब्रुवारीला संघाबाहेर बसणार होता. टव्हारेस आजारी पडल्याने त्याला घेतले आणि त्याने हॅट्ट्रिक केली. महागड्या नावांच्या सावलीतल्या या दोघांचा खेळ पाहिला, की संघ कशाने उभा राहतो ते दिसते.

मार्चच्या अदलाबदलीच्या मुदतीपर्यंत इल्या ल्युबुश्किन, जोएल एडमंडसन आणि कॉनर ड्यूअर आले. तेवढ्यात मार्नरचा घोटा दुखावला आणि तो महिनाभर बसला. एप्रिलमध्ये, पाडव्यानंतरच्या दिवसांत, मॅकमनही जायबंदी झाला आणि बाद फेरीला मुकला. मॅथ्यूज मात्र गोल करतच राहिला. त्याचे ६९ गोल झाले. एका हंगामात इतके गोल १९९५-९६ मधल्या मारिओ लेम्यूनंतर लीगमध्ये कुणी केले नव्हते. सत्तराव्या गोलसाठी शहर शेवटचे सामने श्वास रोखून पाहत होते. तो झाला नाही. संघाने ४६ सामने जिंकले, २६ गमावले, १० जादा वेळेत किंवा त्यानंतरच्या शूटआउटमध्ये गमावले. १०२ गुणांसह गटात तिसरे स्थान मिळाले, आणि समोर आला बॉस्टन ब्रुइन्स. २०१३, २०१८ आणि २०१९ मध्ये याच संघाने लीफ्सला सातव्या सामन्यात घरी पाठवले होते.

नायलँडर अर्धशिशीमुळे पहिले तीन सामने खेळू शकला नाही. चौथ्या सामन्यात मॅथ्यूज आजारी पडून मध्येच थांबला आणि पुढचे दोन सामने बाहेर राहिला. तोवर बॉस्टनकडे ३-१ अशी आघाडी होती. मग वोल गोलमध्ये आला. पाचवा सामना मॅथ्यू नाइसच्या जादा वेळेतल्या गोलने २-१, सहावा नायलँडरच्या दोन गोलांनी २-१. सर्वांत मोठा गोलवीर नसताना संघाने दोन सामने खेचून आणले, ते गोलरक्षणाच्या आणि बचावाच्या जोरावर. त्या दोन रात्री स्कोशियाबँक अरीनाबाहेरच्या चौकात पडद्यासमोर जमलेल्या गर्दीत सगळ्या भाषा ऐकू येत होत्या. सहाव्या सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी वोल पुन्हा दुखावला.

४ मे २०२४, शनिवार. सातव्या सामन्यात मॅथ्यूज परतला, गोलमध्ये सॅमसोनोव्ह. तिसऱ्या भागात नायलँडरने पहिला गोल केला. दीड मिनिटाच्या आत बॉस्टनने बरोबरी साधली. जादा वेळेच्या दुसऱ्याच मिनिटाला डेव्हिड पास्टर्नाकने मालिका संपवली. पराभवाला दुखापती कारणीभूत होत्याच, पण तेवढ्यावर हा विषय सोडून चालणार नाही. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असताना मिळणाऱ्या पॉवर प्लेच्या २१ संधींत लीफ्सने या मालिकेत फक्त एक गोल केला. संघाचा जवळजवळ निम्मा पगार ज्या कौशल्यासाठी दिला जात होता, तेच तिथे उणे पडले.

त्याच हिवाळ्यात पुणेरी पलटणचे उलटे झाले. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम इनामदार शिंगणापूरच्याच जिल्ह्यातला, टाकळीभानचा. हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. पुढच्या हंगामात शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि उरलेल्या सामन्यांना तो मुकला. गतविजेता पलटण बाद फेरीतही पोचला नाही. बालेवाडीत, पलटणच्या घरच्या शहरात, २९ डिसेंबरला कप उचलला तो शादलूच्या हरियाणाने. आधी घडवलेली तरुण फळीही बचावाचा खांब आणि कर्णधार दोन्ही गेल्यावर पुरी पडली नाही. अस्लम बरा होऊन २०२५ मध्ये पुन्हा कर्णधार झाला आणि संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. दिल्लीत दबंग दिल्लीने तो २८-३१ असा हिरावला. अस्लमच्या जिल्ह्यातून परदेशी गेलेल्या माणसांनी तो सामना फोनवर पाहिला, आणि गुडघ्यावरून उठलेल्या त्या गड्याचे कौतुक पराभवानंतरही केले.

लीफ्समध्ये ९ मे २०२४ ला प्रशिक्षक शेल्डन कीफ यांना दूर करण्यात आले आणि क्रेग बेरुबी आले. बर्टुझी, सॅमसोनोव्ह आणि एडमंडसन गेले. यावेळी पैसे बचावाकडे वळले : क्रिस टेनेव्ह, ऑलिव्हर एकमन-लार्सन आणि गोलरक्षक अँथनी स्टोलार्झ करारबद्ध झाले. मॅथ्यूज कर्णधार झाला. नव्या हंगामात तो पंधरा सामन्यांना मुकला, त्याचे गोल ३३ वर आले, डिसेंबरमध्ये स्टोलार्झच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि तरीही संघाने १०८ गुणांसह गटात पहिले स्थान मिळवले. बाद फेरीत ओटावाला हरवले. पुढच्या फेरीत फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात स्टोलार्झ डोक्याला मार लागून बाहेर गेला, आणि सातवा सामना लीफ्सने घरच्या बर्फावर १-६ असा गमावला. त्या उन्हाळ्यात मार्नर व्हेगासला गेला. चार मोठ्या पगारांची ती रचना तिथेच मोडली.