जानेवारीतली दहा नावं

जानेवारीच्या अखेरीला बाल्टिमोरमध्ये बाहेर पडून पाहावं असं फारसं काही उरत नाही. बंदरावरचा वारा हाडांत शिरतो, झाडं उघडी पडलेली असतात, आणि सूर्यही जेवढ्यास तेवढं काम करून साडेपाचच्या आत घरी जातो. अशा दिवसांत एखाद्या कॉलेजच्या मैदानाच्या कुंपणाला टेकून दहा-वीस माणसं उभी दिसली, कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या हातात छोटी वही, आणि आत हेल्मेट घातलेली पोरं जाळीच्या काठ्या घेऊन धावताना दिसली, तर समजावं की आत लॅक्रोसचा सराव सामना चालला आहे आणि बाहेर संघनिवड. हंगाम थोड्याच दिवसांवर आलेला असतो. गुणफलक लावला तर लावतात, नाहीतर नाही. त्या दिवशीचे आकडे कुठल्याही अधिकृत नोंदीत जात नाहीत. जिंकलं काय, हरलं काय, कुणी विचारत नाही. निकालाचं ओझं उतरलेला खेळ पाहायला मला फार आवडतं, कारण मग माणसं दिसू लागतात.

मेरीलँडमध्ये हा खेळ हवेत आहे. २००४ पासून तो या राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे. (नुसता ‘राज्याचा खेळ’ हा मान मात्र त्याच्या कितीतरी आधी, घोडा दौडवत भाल्याच्या टोकाने टांगलेली कडी उचलण्याच्या सरदारी खेळाला देऊन झाला होता. तो कायद्याने अजून तसाच आहे.) शहराच्या उत्तर भागातलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ बाकीचे सगळे खेळ तिसऱ्या श्रेणीत खेळतं, लॅक्रोस तेवढा पहिल्या श्रेणीत, देशातल्या सगळ्यात तगड्या संघांशी. त्यांच्या नावावर ४४ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत आणि त्यातलं शेवटचं २००७ चं. एवढा मोठा आकडा आणि एवढी लांब उपासमार एकत्र आली, की प्रत्येक जानेवारीत गावातली म्हातारी माणसं नव्या पोरांकडे नव्या आशेने पाहणार, हे ओघानेच आलं.

संघ आधीच ओळखायची ही खाज मला ओळखीची आहे. माझ्या माहेरी, दादरला, ती घरातच होती. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग, ऐन पावसाळ्यातली. उघडी ओली खेळपट्टी, सीमारेषेकडे माजलेलं गवत. त्या चिखलात कुणी काढलेल्या तीस धावांवरून बाबा हिवाळ्यातला रणजीचा संघ लावत. पावसातल्या तीस म्हणजे कोरड्यातल्या सत्तर, असा त्यांचा भाव ठरलेला होता, आणि तो भाव ते डाळ-तांदळाच्या भावापेक्षा जास्त विश्वासाने सांगत. लॅक्रोसमध्ये असा सरळ भाव नाही. इथे हिशेब फार लवकर गुंततो.

वरवर पाहिलं तर दहाच नावं लिहायची असतात: एक गोलरक्षक, तीन बचावाला, तीन मधल्या फळीत, तीन आघाडीला. पण पथकात चाळीस-पन्नास पोरं असतात आणि बदली खेळ न थांबवता, धावत्या खेळातच होत राहते. चेंडू आपल्याकडे आला की बचावाचे गडी सीमारेषेकडे पळतात आणि हल्ल्याचे गडी त्यांच्या जागी आत येतात. चेंडू गेला की पुन्हा उलट. सामना सुरू होताना मध्यावर चेंडूपाशी ओणवा होणारा फेसऑफचा खास गडी असतो. चेंडू जिंकायचा आणि बाहेर पळायचं, एवढंच त्याचं आयुष्य. त्याच्या दोन्ही अंगांना बहुधा एक लांब काठीवाला आणि एक आखूड काठीचा बचावबाज उभा राहतो. म्हणजे ज्या मधल्या फळीने पुढे गोल करायचे, ती पहिल्या शिट्टीला मैदानातच नसते. पहिले दहा कोण, या प्रश्नाला या खेळात कागदावरचं एक उत्तर असतं आणि गवतावरची तीन-चार.

त्यात काठ्यांचं गणित. आखूड काठी ४० ते ४२ इंच, लांब काठी सहा फुटांपर्यंत, आणि एका वेळी लांब काठ्या चारच चालतात. समोरचा संघ आपला सर्वोत्तम लांब काठीवाला तुमच्या सर्वोत्तम आघाडीवाल्याच्या अंगावर सोडतो. त्यामुळे तुमच्या हिऱ्याचा दिवस कोरडा जातो, आणि दुसऱ्या मधल्या फळीतला कुणी पोरगा, ज्याच्यासमोर आखूड काठीचा थकलेला राखीव गडी उभा आहे, तो तीन गोल मारतो. कुंपणाबाहेरच्या वहीत त्या तीन गोलांखाली दोन रेघा पडतात. मला त्या रेघांची कीव येते. त्याने गोल केले हे खरं. कुणासमोर केले, हे वहीत नसतं.

मग पाहायचं काय? इतक्या थंडीत उभं राहून मला पटलेली गोष्ट एवढीच: सराव सामन्यात खेळाडूंच्या गुणवत्तेपेक्षा कोचच्या शंका जास्त स्पष्ट दिसतात. ज्याच्याबद्दल कोचला खात्री आहे, त्याला तो फार खेळवत नाही. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त गोल केलेला पोरगा पहिल्या क्वार्टरमध्ये येतो, चार पास देतो, गोलकडे एकदाही चेंडू मारत नाही, आणि मग जाड कोट अंगावर टाकून बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतो. त्याचं नाव पहिल्यांदा लिहावं. उलट आघाडीच्या तिसऱ्या जागेवर चार पोरं आलटून पालटून येत-जात असतात, दर पाच मिनिटांनी नवा चेहरा, आणि प्रत्येक जण जिवाच्या करारावर धावतो. लोकांना वाटतं, ही पोरं आज चमकली. खरं म्हणजे त्या जागेवर कोचच्या मनात भोक आहे आणि तो त्यात हाती लागेल ते बसवून पाहतो आहे. जो सगळ्यात जास्त वेळ मैदानात, त्याच्याबद्दलचा प्रश्न सगळ्यात मोठा.

हे एकदा डोक्यात बसलं की सगळा सामना उलटा वाचता येतो. चूक झाल्यावर काय होतं, ते पाहावं. एकाच्या काठीतून चेंडू निसटतो आणि कोच सीमारेषेवरून घसा फुटेपर्यंत ओरडतो. तो मुलगा संघात आहे. दुसऱ्याच्या हातून तेच होतं, कोच काही बोलत नाही, फक्त शेजारच्या सहायकाकडे वळतो. त्या मुलाच्या आईने फेब्रुवारीतली विमानाची तिकिटं एवढ्यात काढू नयेत. आरडाओरडा ही या खेळात गुंतवणूक आहे. ज्याच्याकडून अपेक्षा नाही, त्याच्यावर कोण आवाज खर्च करील?

जमिनीवर पडलेला चेंडू हीसुद्धा अशीच चुगलखोर जागा. थंडीत काठीच्या टोकाचं प्लास्टिक ताठर होतं, आलेला चेंडू जाळीत विसावायच्या ऐवजी उडून बाहेर पडतो, आणि जानेवारीत तर असे चेंडू मैदानभर सांडत असतात. घट्ट रबराचा तो गोळा हिरव्या कृत्रिम गवतावर घरंगळतो, आणि त्यावर कोण आधी वाकतं, एवढंच पाहत राहावं. गोल मारणं हे पुष्कळदा दुसऱ्याने आयत्या दिलेल्या पासचं फळ असतं. वाकणं मात्र ज्याचं त्याचं. आखूड काठीचे बचावबाज, ज्यांची नावं हंगामभर कुणाला माहीत होत नाहीत, ते बहुतेक करून इथेच निवडले जातात. २०१९ च्या हंगामापासून ८० सेकंदांचं घड्याळ आलं, त्यानंतर चेंडू नुसता घोळवत बसायची सोय गेली आणि खेळ दोन्ही टोकांना जास्त धावू लागला. म्हणून मधल्या फळीत दोन्हीकडे खेळू शकणारा पोरगा दिसला, की त्याचं नाव मी जरा ठळक लिहिते. तशी पोरं दुर्मीळ झाली आहेत, आणि मला ती या खेळातली सगळ्यात देखणी वाटतात, हा माझा पक्षपात समजावा.

गोलरक्षकाचं कोडं सगळ्यांत अवघड. सहा फूट रुंद, सहा फूट उंच चौकट, आणि आलेल्या चेंडूंपैकी निम्मे अडवले तरी पुष्कळ झालं म्हणतात. सराव सामन्यात बहुधा दोघांना अर्धा-अर्धा वेळ मिळतो. पहिल्या अर्ध्यात उभ्या असलेल्यावर प्रतिस्पर्ध्याची पहिली फळी तुटून पडते. दुसऱ्याच्या वाट्याला दुसरी-तिसरी फळी येते, तीही दमलेल्या पायांची. दुसऱ्याचे आकडे सुरेख दिसतात आणि कुंपणाबाहेर कुजबुज सुरू होते की जागा त्याची. पण मी म्हणते, चेंडू अडवल्यानंतरचे दोन क्षण पाहा. तो चेंडू कुणाला, किती लवकर, कुठल्या खांद्यावर देतो? आणि त्याच्यापुढचे तीन बचावपटू त्याच्या हाकेला वळून न पाहता जागा बदलतात का? ज्याच्या आवाजावर त्यांचा भरवसा, त्याच्याच हाती ती चौकट जाते.

डावखुऱ्यांबद्दल दोन शब्द. आघाडीच्या तिघांत एक तरी डावखुरा लागतोच, नाहीतर मैदानाची एक बाजू आंधळी होते, तिथून चेंडू मारायला नीट कोन मिळत नाही. पथकात धडाडीचे सहा उजवे आणि एकच बरा डावखुरा असेल, तर तो बरा डावखुरा खेळणार आणि सहांपैकी चार बसणार. यात न्याय नाही, भूमिती आहे.

कुंपणाशी सगळ्यात वाईट अंदाज असतो आई-बापांचा. ते बिचारे चार-पाच तास गाडी हाकून येतात, घोंगड्या पांघरून उभे राहतात, आणि एकाच क्रमांकाचा सामना पाहतात. बाकी एकोणीस जण त्यांच्या लेखी धुकं. त्यांना मत विचारू नये. थर्मासमधली कॉफी मात्र घ्यावी, ती ते आग्रहाने देतात. माझ्याशी बोलताना ‘तुमचा मुलगा कितव्या क्रमांकाचा?’ हा प्रश्न हमखास येतो. माझं इथे कुणीच खेळत नाही म्हटल्यावर एक संशयाची नजर मिळते, प्रतिस्पर्ध्यांची हेर तर नाही ना ही!

तो संशय अगदीच निराधार नाही. कोच लोक जानेवारीत फार सांभाळून पत्ते दाखवतात. प्रतिस्पर्ध्याचा गडी शिक्षा भोगायला बाहेर गेला की सहाविरुद्ध पाच असा जो हल्ला चढवायचा, त्याच्या ठेवणीतल्या चाली ते झाकून ठेवतात आणि शाळकरी चाली खेळतात. पण चाल झाकता येते, माणसं झाकता येत नाहीत. त्या सहांत कोण उभे राहतात, हे दिसतंच. हंगामात गोल कुणाकडून अपेक्षित आहेत, याचा एवढा उघड कबुलीजबाब दुसरा नाही.

आणि न दिसणारे. पायात प्लास्टिकचा मोठा बूट चढवून सीमारेषेवर उभा असलेला, पाण्याच्या बाटल्या भरणारा, किंवा वर्षभर बसून खेळण्याचं एक वर्ष शिलकीत टाकायचं असा निर्णय ज्याच्याबद्दल गुपचूप झाला आहे, तो. मैदानातल्या गर्दीत त्यांची आठवण राहत नाही, आणि अंदाज चुकतात ते बहुधा तिथे.

उत्तरेला, सिरॅक्यूजमध्ये, निदान एका जागेसाठी हा खटाटोप लागत नाही. तिथे २२ क्रमांकाचा शर्ट ज्याच्या अंगावर, त्याच्या भोवती हल्ला रचला जाणार, असा रिवाज पडून गेला आहे. गॅरी गेटने तो घातला, पुढे केसी, रायन आणि मायकेल या तिन्ही पॉवेल भावांनी घातला. तोच गेट २०२१ मध्ये तिथल्या पुरुष संघाचा कोच झाला. शर्ट देणं हीच निवड. विसाव्या वर्षाच्या आत एखाद्या पोराच्या पाठीवर एवढं लिहून ठेवणं मला जरा निर्दयपणाचं वाटतं.

आणि सिरॅक्यूजच्या वेशीवरच ओनोंडागा लोकांची भूमी आहे. हा खेळ मुळात त्यांचा, हॉडेनोशोनी राष्ट्रांचा. निर्मात्याने दिलेला, असं ते मानतात. हिकरीच्या लाकडाच्या काठ्यांनी ते अजूनही औषधाचा खेळ खेळतात, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून. त्यात आजोबाही उतरतात आणि नातूही. खेळाडूंची संख्या ठरलेली नसते. ज्यांच्यापासून हा खेळ घेतला, त्यांच्या त्या रूपात बाकच नाही, मग बाकावर कोण बसणार हा प्रश्नही नाही. कॉलेजांनी खेळ घेतला, गडी मोजून दहा केले, आणि तिथून आमच्यासारख्यांची सोय झाली.

अंतिम सामना मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला असतो. तोवर दुखापती होतात, परीक्षा होतात, कुणी मार्चमध्ये अचानक उमलतो, कुणाचा खांदा निखळतो. जानेवारीत लिहिलेली दहा नावं मेपर्यंत जशीच्या तशी टिकावीत, ही अपेक्षा कुंपणाबाहेरचं कुणी शहाणं माणूस करत नाही, आणि तरी पुढच्या जानेवारीत वही उघडली जाते. संघ बरोबर ओळखल्याचं बक्षीस नसतं. एक कडक चेहऱ्याचा माणूस पन्नास पोरांसमोर उभा राहून मनातल्या मनात घोटाळतो आहे, ते दोन तास उघड्यावर पाहायला मिळतं, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं आहे.

तेव्हा कधी जानेवारीच्या शेवटी इकडे येणं झालं, तर जवळच्या कॉलेजात चौकशी करा. काही सराव सामने दारं लावून होतात. जे उघडे असतात, त्यांना बहुधा तिकीट नसतं. गोल मोजू नका, बाकावर बिया सोलत कोण निवांत बसलं आहे ते आधी पाहा. आणि हातमोजे दोन जोड आणा. एका जोडीत पेन धरता येत नाही.